मुलगा शांत आहे

लग्नाच्या चौथ्या दिवशी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, समोर पपईची फोड आणि पलीकडे अरबी समुद्र असताना, शर्विल मोहोळकरला कळवण्यात आलं की त्याची बायको त्याला घाबरते.

कळवणारे रेडकर हे रिसॉर्टचे व्यवस्थापक. इडली संपली आहे हे सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं, "सर, मॅडमचा भयांक एकसष्ट आलाय. पहिली नोंद. दुसरी साडेबाराला, तिसरी साडेचारला. पपई गोड आहे, खाऊन बघा."

शर्विलने मिहिकाकडे पाहिलं. मिहिकाने पपईकडे पाहिलं.

"काहीतरी चूक असेल," ती म्हणाली. "मी कशाला घाबरू?"

"तसंच म्हणतात सगळ्या," रेडकर म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

मालवणच्या समोर, समुद्रात भर घालून केलेल्या खारकोंड बेटावरचं हे रिसॉर्ट. कोकणात माडांना तोटा नाही, तरी इथले माड परदेशातून आणलेले होते. आपले सरळ वाढतात आणि सरळ माड फोटोत रोमँटिक दिसत नाही. वाळूही बाहेरची. इथला माल म्हणजे समुद्र आणि रेडकर.

शर्विल तिशीचा, वैधमापन निरीक्षक. म्हणजे दुकानांचे काटे तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा. दोन हजार सेहेचाळीस साल उजाडलं तरी लोक एकमेकांना कमी तोलून देत होतेच, त्यामुळे नोकरी पक्की होती. मिहिका सत्तावीस वर्षांची, दंतवैद्य. दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या तोंडात हात घालणं हा तिचा व्यवसाय. लग्न ठरवून झालेलं. चार भेटी, त्यातली एक आईवडिलांसह. तिच्या फलटणच्या वडिलांनी इचलकरंजीत येऊन मुलाची रीतसर चौकशी केली होती. शेजारी, ऑफिस, शाळेतले जुने शिक्षक, सगळ्यांकडून एकच उत्तर मिळालं: मुलगा शांत आहे. तेवढ्यावर तारीख धरली गेली.

आता टेबलावरच्या फुलदाणीत, खोट्या जास्वंदीच्या मधोमध, मोगऱ्याच्या कळीएवढी एक पांढरी जाळीदार डबी त्या शांत मुलाला खोटं पाडत होती.

त्या डबीला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. नोकरमंडळी तिला नाकोबा म्हणत.

नाकोबाचं शास्त्र तसं सोपं आहे. माणूस घाबरला की काही सेकंदांत त्याच्या घामात ठरावीक जातीचे रेणू मिसळतात आणि हवेत उडतात. कुत्र्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. कुत्र्याच्या नाकात हे रेणू पकडणारी जी प्रथिनं असतात, ती प्रयोगशाळेत वाढवून कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यावर बसवली गेली. रेणू येऊन चिकटला की पापुद्र्यातून जाणारा विद्युतप्रवाह किंचित बदलतो. अशी हजारो प्रथिनं एकाच डबीत. प्रत्येकाच्या अंगाचा वास वेगळा, त्यामुळे एका टेबलावर चौघे बसले तरी कोणाची भीती कोणाची, हे डबीला कळतं. उन्हाचा घाम, पळाल्याचा घाम, अत्तर, लसणाची चटणी हे सगळं ती वगळते. उरलेल्या भीतीला शून्य ते शंभर आकडा देते. तोच भयांक.

भीती किती आहे ते आकडा सांगतो. कशाची, ते सांगत नाही.

पहिल्यांदा हे यंत्र विमानतळांवर आलं. मग एका नवविवाहितेचा हॉटेलच्या खोलीत अंत झाला, वर्तमानपत्रांनी लावून धरलं, आणि मधुचंद्र सुरक्षा नियमावली आली. सुरुवातीला मर्यादा चाळीस होती. पहिल्या तीन महिन्यांत शंभरातल्या सत्तर नववधू तिच्या वर निघाल्या. सरकारने समिती नेमली. समितीने दोन बैठकांत असं अनुमान काढलं की आपल्याकडे जिला लाजणं म्हणतात आणि जिचे फोटो काढतात, ती गोष्ट रासायनिकदृष्ट्या भीतीच असते. यावर दोन उपाय होते: लग्नाची पद्धत बदलणं किंवा मर्यादा बदलणं. पद्धत बदलायला वेळ लागला असता. मर्यादा पंचावन्न झाली. वरच्या पंधरा गुणांना नियमावलीत लज्जा-सूट म्हणतात.

मिहिका ती सूट धरूनही सहा गुणांनी वर होती.

शर्विलने ठरवलं की साडेबारापर्यंत आपण जगातला सगळ्यात निरुपद्रवी माणूस व्हायचं. किनाऱ्यावर तो तिच्या दोन पावलं मागून चालू लागला. मग मागून चालणारा माणूस भीतिदायक वाटेल म्हणून पुढून चालू लागला. मग पुढे चालणारा नवरा जुनाट वाटेल म्हणून बाजूला आला आणि खेकड्याच्या बिळात पाय जाऊन पडला. मिहिका हसली. त्याला जरा बरं वाटलं.

छत्रीखाली बसल्यावर तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मिहिका, मनात काही असेल तर मला सांग. मी रागावणार नाही."

"काही नाही हो."

लग्नाआधीपासून ते एकमेकांना अरे-तुरे करत होते. हा "हो" आज सकाळपासून आला होता.

शहाळी आली. त्याचं त्याच्या हातात देताना ते तिच्या हातून निसटलं आणि अख्खं शहाळं त्याच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर उपडं झालं. तिने श्वास रोखला. शर्विलला मनातून वैताग आला; सदरा मोठ्या बहिणीने दिलेला होता. पण आज वैताग दाखवायचा दिवस नव्हता. त्याने आवाज आणखी खाली आणला.

"असू दे. काही हरकत नाही. तू बस. अशी शांत बस इथे माझ्याजवळ."

छत्रीच्या दांड्यावरच्या नाकोबाचा तांबडा ठिपका लुकलुकायला लागला.

साडेबाराची नोंद: त्र्याहत्तर.

आता साळगावकर मॅडम आल्या. त्यांच्या पदाचं नाव सुरक्षा सखी होतं. त्यांच्याकडे पाहून सखी हा शब्द कोणालाही सुचला नसता. कलफाची साडी, हातात पडद्याची पाटी, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी शर्विलला व्हरांड्यात उभं केलं आणि मिहिकाला खुर्चीत बसवलं.

"तुम्हाला यांची भीती वाटते?"

"नाही."

मॅडमनी लिहिलं.

"काय लिहिलंत?" मिहिकाने विचारलं.

"होकार, दडपणाखाली."

"मी नाही म्हणाले!"

"नाही म्हटलं की तसंच लिहितात."

"आणि हो म्हटलं असतं तर?"

"तर नुसता होकार."

व्हरांड्यातून शर्विल म्हणाला, "मॅडम, मी सरकारी नोकर आहे. मी साधी माशी मारत नाही."

"तुम्ही बोलू नका. तुमचं बोलणं म्हणजेच दडपण." मॅडम मिहिकाकडे वळल्या. "हे बघा, नियम सांगते. साडेचारची नोंद पंचावन्नच्या वर आली, तर पाचच्या बोटीने तुम्हाला माहेरच्या सुरक्षित पालकाच्या ताब्यात देण्यात येईल. बुकिंगच्या वेळी तुमच्या सासूबाईंनी वडिलांचं नाव दिलंय. पहिली नोंद तांबडी आली की त्यांना आपोआप संदेश जातो. ते सकाळीच निघालेत."

मिहिका उठून उभी राहिली. "ताब्यात? मी सत्तावीस वर्षांची आहे. मला नाही जायचं त्यांच्याबरोबर."

"पंचावन्नच्या वर असताना तुमचं म्हणणं ग्राह्य नाही. घाबरलेला माणूस स्वतःच्या मनाचं बोलत नाही. कलम सात."

"मग मी बोलू कधी?"

"घाबरायचं थांबलात की," मॅडम म्हणाल्या. यात त्यांना काहीच विनोदी वाटलं नाही. नियम त्यांनी केलेला नव्हता आणि त्या चांगल्या मनाच्या होत्या. मागच्या वर्षी अशाच एका तांबड्या आकड्यामुळे त्यांनी एका मुलीला खरोखर वाचवलं होतं. तेव्हापासून आकड्यापुढे त्या कोणाचं ऐकत नसत.

तेवढ्यात त्यांच्या हातातली पाटी वाजली आणि तिच्यावर ढवळे सर उमटले. मिहिकाचे वडील, फलटणच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा शर्ट, कपाळावर बारीक गंध. गाडी आपोआप चालत होती, त्यामुळे त्यांना कॅमेऱ्यात पाहून बोलता येत होतं. या माणसाचा आवाज चढलेला चाळीस वर्षांत कोणी ऐकला नव्हता, असं त्यांच्या निरोप समारंभात सात वक्त्यांनी सांगितलं होतं.

"मिहू बाळा," ते मऊ आवाजात म्हणाले. "घाबरू नकोस. मी येतोय. आपण घरी जाऊन शांतपणे बोलू हं."

"बाबा, तुम्ही येऊ नका. गरज नाहीये."

"ठीक आहे बाळा. आपण बोलू." पाटी काळी झाली.

साळगावकर मॅडमचे डोळे पाणावले होते. "किती समजूतदार गृहस्थ! माहेरची आठवण बघा कशी असते."

शर्विलचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तो सवयीने काट्याकडे पाहत होता. व्हरांड्याच्या खांबावर नाकोबाचा छोटा पडदा होता. सासरे बोलायला लागले तेव्हा त्यावर सदुसष्ट होतं. "मिहू बाळा" ला त्र्याहत्तर झालं. "शांतपणे बोलू" ला अठ्ठ्याऐंशी.

आठवणीने एवढं वजन वाढत नाही, हे कुठल्याही निरीक्षकाला कळलं असतं.

नियमाप्रमाणे दोघांना वेगळं ठेवण्यात आलं. शर्विल रेडकरांच्या कचेरीत बसला. आधी आईचा फोन येऊन गेला. तिलाही संदेश गेला होता. "काय केलंस रे तिला?" एवढंच तिने विचारलं, आणि तो काही बोलायच्या आत रडायला लागली. मग बहिणीचा फोन आला, सदऱ्याची चौकशी करून तिनेही तेच विचारलं. तीन वाजेपर्यंत शर्विललाही वाटायला लागलं होतं की आपण काहीतरी केलं असावं आणि आपल्याला ते आठवत नसावं.

"रेडकर, सकाळपासूनचा आलेख देता येईल?"

"कशाक?" रेडकरांनी वर न बघता विचारलं. मग कागद काढून दिला. "बघा. आमका काय, आकडो बघूचो आनि फॉर्म भरूचो."

शर्विलने पेन घेतलं. दुकानदार पारड्याखाली चुंबक चिकटवतो तेव्हा तो शोधायची एकच रीत असते: काटा कधी हलतो ते बघायचं, आणि त्याच वेळी दुकानदाराचा हात कुठे होता ते आठवायचं. त्याने आलेखाच्या प्रत्येक उंचवट्यावर लिहायला सुरुवात केली. काल रात्री बोटीतून उतरताना बॅग पाण्यात पडली आणि तो मोठ्याने "अरे देवा, माझे बूट!" म्हणून ओरडला, तिथे आकडा चौतीस होता. खेकड्याच्या बिळाशी तो पडला आणि खेकड्याला शिव्या दिल्या, तिथे एकोणतीस. सकाळी आठला त्याने कुजबुजत विचारलं होतं, झोप लागली का: अठ्ठावन्न. "मनात काही असेल तर मला सांग": सहासष्ट. शहाळं: त्र्याहत्तर.

कागदावरून त्याचं बोट फिरत राहिलं. त्याने दोनदा तपासलं. तो जितका मऊ झाला होता तितकी ती घाबरली होती.

चार वाजता त्यांना संवाद कक्षात अर्धा तास देण्यात आला. चारही बाजूंना काच, छतावर नाकोबा, भिंतीवर मोठा आकडा. बाहेर साळगावकर मॅडम, रेडकर आणि दोन रक्षक. काचेतून धक्का दिसत होता आणि धक्क्याकडे येणारी बोट, अजून चण्याच्या दाण्याएवढी.

आकडा चौसष्ट.

शर्विलने तोंड उघडलं, आवाज खाली आणला, आणि थबकला. मग आपल्या नेहमीच्या, दुकानात बोलायच्या आवाजात म्हणाला, "तू मला नाही घाबरत. तू हळू आवाजाला घाबरतेस."

मिहिकाने धक्क्याकडे पाहिलं.

"तुझे बाबा बोलले तेव्हा अठ्ठ्याऐंशी झालं. मी बघत होतो."

बोट वाटाण्याएवढी झाली.

"ते कधी ओरडले नाहीत," मिहिका म्हणाली. "एकदाही नाही. चिडले की आवाज खाली यायचा. मग उठून खिडकी लावायचे. मग म्हणायचे, ये बाळा, बस इथे. आई स्वयंपाकघरात भांडी घासायला लागायची, घासलेलीच." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून शाळेत जायची आणि बाई म्हणायच्या, किती नशीबवान आहेस, सरांसारखे वडील मिळाले."

शर्विलने आपले हात टेबलाखाली घेतले.

"तुझी चौकशी करून बाबा आले आणि आनंदाने म्हणाले, मुलगा अगदी शांत आहे. मी रात्रभर जागी होते."

"मग नाही म्हणायचंस."

"काय सांगून? मुलगा शांत आहे म्हणून?"

आकडा अठ्ठावन्नवर आला होता. बोलल्याने तेवढा उतरला. तीन गुण राहिले होते.

"तू चिडल्यावर काय करतोस, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "चार भेटी झाल्या. पनीर आवडतं की नाही यावर पाऊण तास बोललो. हे विचारायचं राहिलं."

"मी चिडत नाही गं."

आकडा साठ.

"बरं, चिडतो," तो घाईने म्हणाला. "थांब, आत्ता चिडून दाखवतो." त्याने भुवया आवळल्या, टेबलावर हलकेच हात आपटला आणि म्हणाला, "हे काय चाललंय, मिहिका!" शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजाचं काम करणारी मुलं असं बोलतात. बाहेर एका रक्षकाने तोंड फिरवलं. आकडा जागचा हलला नाही.

"तुझी आई खवचट आहे," मिहिकाने प्रयत्न केला.

"थोडी आहे."

"तुझे काटे काय तपासतोस, कोण विचारतं आता त्याला!"

"कोणी नाही विचारत. खरंच."

बोट धक्क्याला लागली. पांढरा शर्ट उतरला, वाळूवर पाय ठेवण्याआधी बूट झटकले. चार वाजून बारा मिनिटं.

मिहिकाने खुर्ची मागे सरकवली. तिचा चेहरा एकदम आवरलेला, कपाटातल्या घडीसारखा झाला. "जाऊ दे. मी जाते त्यांच्याबरोबर. तुम्हाला उगाच त्रास. नोकरीत नोंद होईल, आई रडतील. मला सवय आहे त्या घराची."

"कसली सवय?" शर्विल म्हणाला.

"असू द्या ना."

"कसली सवय आहे? मार खायची?" तो उभा राहिला होता आणि ते त्याला कळलं नव्हतं. "मला त्रास नको म्हणून तिथे जातेस? मी काय सांगितलं होतं, मला त्रास देऊ नकोस म्हणून? चार भेटींत पनीर! पनीर विचारलंस तू मला! हे नाही सांगावंसं वाटलं? आणि मी गाढव, दिवसभर कुजबुजतोय, कुजबुजतोय, आणि तू मला सांगतही नाहीस की बाबा रे, गप्प बस!" त्याने खुर्चीला लाथ मारली. खुर्ची काचेवर आदळली.

आकडा एक्क्याण्णव. शिट्टी वाजली. दार उघडून दोन्ही रक्षक आत घुसले, मागून साळगावकर मॅडम.

"थांबा!" मिहिका ओरडली. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात छातीशी. "कोणी मध्ये पडू नका. मला बघू द्या."

रक्षक थांबले. आपण का थांबलो ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

शर्विल ओरडत होता. तो नाकोबावर ओरडला, कलम सातवर ओरडला, फॉर्म भरणाऱ्या आपल्या आईवर ओरडला, चौकशीत मुलगा शांत आहे असं सांगणाऱ्या समस्त इचलकरंजीवर ओरडला. मिहिका त्याच्या हातांकडे बघत होती. हात हवेत गेले, डोक्यावर गेले, केसांत अडकले, खाली आले. मग त्याचा आवाज फाटला, ठसका लागला, आणि तो पाय धरून जमिनीवर बसला.



"झालं?" मिहिकाने विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. अंगठा मोडला बहुतेक." तो अजून धापा टाकत होता. "नेहमी असंच होतं. म्हणून मी चिडत नाही."

मिहिकाचे हात हळूहळू खाली आले. ती येऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याचा अंगठा दोन बोटांत धरून, दाढ बघावी तसा, हलवून बघितला. "मोडलेला नाहीये."

भिंतीवरचा आकडा मात्र सत्त्याहत्तरवर अडून बसला होता. चार वाजून चोवीस मिनिटं.

"उतरत नाहीये," साळगावकर मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच डळमळला. "मला नोंद घ्यावी लागेल."

शर्विलने वर पाहिलं. मग लंगडत उठला. आता तो नवरा नव्हता, निरीक्षक होता.

"मॅडम, हा तिचा आत्ताचा आकडा नाही. ही मघाची हवा आहे. बंद खोलीतून एवढे रेणू इतक्या लवकर जातील कुठे? पारड्यात आधीचा माल असताना नवं वजन करत नाहीत. आधी काटा शून्यावर आणा, मग तोला. उपकरण तपासणीचा नियम आहे, तुमच्या नियमावलीच्या परिशिष्टातसुद्धा असणार. नसेल तर मी या यंत्रावर आत्ता जप्तीचा शिक्का मारतो."

मॅडमनी पाटीवर बोट फिरवलं. परिशिष्ट सापडायला एक मिनिट गेलं. ते एक मिनिट सगळे उभे होते.

"आहे," त्या म्हणाल्या. "हवा बदलून, सर्वांना बाहेर काढून, संबंधित व्यक्तीला पुन्हा एकटीला बसवावं."

रेडकरांनी चारही काचा सरकवल्या. समुद्राचा वारा आत आला, कागद उडाले, आकडा शून्य झाला. मिहिका एकटी आत गेली आणि मधोमध खुर्चीत बसली. काचा लागल्या, छताजवळची फट मात्र रेडकरांनी वाऱ्याला उघडी ठेवली.

एकेचाळीस.

चार वाजून अठ्ठावीस. ढवळे सर वाळूवरून, घाई न करता, खोलीपाशी येऊन पोचले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, जावयालाही. मग काचेजवळ गेले, बोटांनी हलकेच टकटक केलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मिहू बाळा. ये."

सत्तेचाळीस.

"ये बाळा. आपण घरी जाऊन बोलू."

त्रेपन्न. साळगावकर मॅडमनी आकड्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, पुन्हा आकड्याकडे पाहिलं. दुपारी पाणावलेले त्यांचे डोळे आता कोरडे आणि बारीक झाले होते. शर्विल पुढे सरकला तर त्यांनी हात आडवा धरला. "आत्ता नाही. तिची नोंद आहे."

चोपन्न. चार वाजून एकोणतीस.

मिहिका खुर्चीतून उठली, काचेपाशी आली आणि तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज आला, एवढा की काच थरथरली.

"नाही येणार! बाबा, मी नाही येणार! सगळ्यांसमोर बोला काय बोलायचंय ते! मोठ्याने बोला!"

ढवळे सरांचे ओठ हलले. मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, बहुधा लावायला खिडकी शोधत असावेत. उघड्यावर ती कुठून मिळणार?

घंटी वाजली. तिसरी नोंद: छत्तीस.

"तुमचं म्हणणं आता ग्राह्य आहे," साळगावकर मॅडम काचेतून मिहिकाला म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. "पाचची बोट तयार आहे, सर. तुमच्यासाठी."

बोट गेल्यावर शर्विल संवाद कक्षाच्या पायरीवर अंगठा चोळत बसला होता. आता जेवण, मग समुद्रकाठी फेरी, मग एकदाचा मधुचंद्र, असा क्रम त्याने मनात लावून ठेवला होता. मिहिका बाहेर आली आणि रेडकरांना म्हणाली, "दुसरी एखादी कॉटेज रिकामी आहे?"

"आसा. अकरा नंबर."

"किल्ली द्या."

शर्विल उठला. "अगं, पण आकडा खाली आला ना?"

"आकडा आलाय," ती म्हणाली. "मी येतेय. वेळ लागेल." ती वाळूत उतरली, चार पावलं गेली आणि वळली. "सकाळी चहाला ये माझ्याकडे."

"किती वाजता?" त्याने विचारलं. सवयीने, हळूच.

ती नुसती उभी राहिली.

शर्विलने घसा खाकरला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "किती वाजता?"

नऊ नंबरच्या कॉटेजमधून एक नवं जोडपं घाबरून बाहेर डोकावलं. त्यांच्या दारावरचा नाकोबा तांबडा झाला. रेडकरांनी सुस्कारा सोडून नवा फॉर्म काढला.

"सात!" मिहिका तेवढ्याच मोठ्याने ओरडली, आणि किल्ली घेऊन अकरा नंबरकडे चालू लागली.